यंत्राच्या पोटातलं तेल : कोणतं घालायचं आणि केव्हा बदलायचं



पेण आणि रोहा तालुक्यांतल्या आपल्या गटांकडे आता फक्त पापडाची लाटणी आणि शिलाई मशीन राहिलेली नाही. कोणाच्या गटाने पॉवर टिलर घेतला आहे, कोणाकडे पॉवर वीडर आहे, कोणाकडे ग्रास कटर आहे. खारेपाटात पाण्याचे इंजिन आहे. हमरापूर-जोह्याच्या बाजूला गणपतीच्या हंगामात माल वाहणारे टेम्पो आहेत. आणि सीआरपी ताई, बँक सखी, पशू सखी यांच्यातल्या कितीतरी जणी स्वतःच्या स्कूटरवर गावोगाव फिरतात. दहा वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं.

पण एक गोष्ट मी बैठकीत नेहमी पाहते. यंत्राचा हप्ता किती, बाकी किती, व्याज किती, हे अध्यक्ष ताईंना तोंडपाठ असतं. "शेवटचं ऑइल कधी बदललं?" असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात. मग उत्तर येतं, "ते मिस्त्रीला माहीत," नाहीतर "ते आमच्या घरातले बघतात." म्हणजे यंत्र गटाच्या नावावर, कर्ज गटाच्या नावावर, आणि यंत्र टिकणार की बसणार हे मात्र दुसऱ्याच्या हातात.

म्हणून या अंकात इंजिन ऑइलबद्दल लिहिते आहे. विषय वाटतो तितका अवघड नाही. डाळ निवडता येते, तांदूळ पारखता येतो, तर तेलही निवडता येतं.

हे तेल करतं काय?

इंजिनमध्ये लोखंडाचे भाग एका मिनिटात हजारो वेळा एकमेकांवर घासतात. त्या दोन भागांच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकांना खात नाहीत. जात्याचा खुंटा कोरडा पडला की कसा कुरकुरतो, तसंच हे. फरक एवढाच की जातं कुरकुरून सांगतं. इंजिन बऱ्याचदा सांगत नाही, एकदम जाम होतं.

घासणं कमी करणं हे पहिलं काम झालं. तेलाची आणखी चार कामं आहेत. ते आतली उष्णता घेऊन बाहेरच्या भागाकडे नेतं. जळलेल्या इंधनाची काजळी आणि लोखंडाचा बारीक चुरा स्वतःत धरून ठेवतं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बुजवतं, म्हणून ताकद बाहेर निसटत नाही. आणि आतल्या भागांना गंज लागू देत नाही. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओली, खाडीपट्ट्यात त्यात खारेपणा. त्यामुळे हे शेवटचं काम आपल्या भागात फार महत्त्वाचं.

तेल जुनं झालं की ही सगळी कामं ढिली पडतात. तेलात कंपनीने घातलेली औषधं असतात, म्हणजे मळ धरणारी, गंज रोखणारी, आम्ल मारणारी. ती हळूहळू संपतात. वरून तेल तेवढंच दिसतं, पण त्याच्यातला दम गेलेला असतो. चहा पावडर दोनदा उकळली की रंग येतो, चव येत नाही, तसं.

डब्यावरचं कसं वाचायचं?

तेलाच्या डब्यावर बरंच इंग्रजी असतं. घाबरू नका. आपल्याला त्यातल्या तीनच गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली गोष्ट : जाडी. डब्यावर मोठ्या अक्षरात १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० असं काहीतरी असतं. मधलं 'डब्ल्यू' म्हणजे उलट्या 'एम'सारखं दिसणारं अक्षर. पुढचा आकडा तेल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा लहान, तर थंडीत तेल लवकर वाहतं. मागचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती जाड राहतं ते सांगतो. तो १०० अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. ४० चं तेल तापल्यावर ३० च्या तेलापेक्षा जाड राहतं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे पुढच्या आकड्यावरून फार अडत नाही. मागचा आकडा मात्र पुस्तकात दिलेलाच घ्यायचा. काही जणी म्हणतात, "जाड तेल घातलं की इंजिन जास्त टिकतं." तसं नाही. आमटीचं पातेलं आणि श्रीखंडाचं पातेलं एकाच पळीने ढवळून बघा. गरजेपेक्षा जाड तेल इंजिनच्या बारीक वाटांमधून वेळेवर पोचत नाही, आणि इंधनही जास्त जळतं.

दुसरी गोष्ट : पेट्रोलचं की डिझेलचं. डब्यावर 'एपीआय' या अक्षरांनंतर दोन-तीन अक्षरं असतात. पहिलं अक्षर सापासारखं नागमोडी, म्हणजे 'एस' असेल, तर तेल पेट्रोल इंजिनचं : एसएल, एसएम, एसएन. पहिलं अक्षर अर्ध्या चंद्रासारखं, म्हणजे 'सी' असेल, तर डिझेल इंजिनचं : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. साप पेट्रोलचा, चंद्र डिझेलचा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. काही डब्यांवर दोन्ही असतात, ते दोन्हीकडे चालतं. टिलर, पाण्याचं डिझेल इंजिन, मिनिडोर यांना चंद्राचं तेल लागतं, कारण डिझेलची काजळी जास्त असते आणि ती धरून ठेवणारी औषधं त्या तेलात जास्त असतात. स्कूटरसाठी आणलेला उरलेला डबा टिलरमध्ये ओतून मोकळं व्हायचं नाही.

तिसरी गोष्ट : दुचाकीसाठी 'जासो'चा शिक्का. ही जपानची मानकं आहेत. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ असेल तर ते गिअरच्या मोटारसायकलचं. जासो एमबी असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं. हा फरक का? मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो. तेल फार गुळगुळीत असलं तर क्लच घसरतो, गाडी आवाज करते पण ओढत नाही. स्कूटरचा क्लच कोरडा, वेगळ्या डब्यात असतो, म्हणून तिला जास्त गुळगुळीत तेल चालतं. ॲक्टिवाला १०डब्ल्यू-३०, एमबी प्रकारचं तेल लागतं. घरातल्या मोटारसायकलसाठी आणलेल्या तेलाने स्कूटर लगेच बंद पडणार नाही, पण स्कूटरचं तेल मोटारसायकलमध्ये घातलं तर क्लच त्रास देईल.

आता मिनरल, सेमी-सिंथेटिक, सिंथेटिक हा घोळ. मिनरल म्हणजे जमिनीतल्या कच्च्या तेलापासून शुद्ध केलेलं. सिंथेटिक म्हणजे कारखान्यात प्रक्रिया करून एकसारखं बनवलेलं. ते जास्त उष्णता सहन करतं आणि किंमतही बरीच जास्त असते. सेमी म्हणजे दोन्हींचं मिश्रण. टिलर आणि पाण्याच्या इंजिनाच्या पुस्तकात साधं मिनरल तेल सांगितलं असेल तर महागाचं घेण्याची गरज नाही. महाग तेल घालून दुप्पट दिवस चालवण्यापेक्षा योग्य दर्जाचं तेल वेळेवर बदललेलं कधीही चांगलं.

कोणाचं ऐकायचं?

यंत्रासोबत आलेल्या पुस्तकाचं. त्यात जाडी, दर्जा, किती लिटर आणि किती तासांनी, हे सगळं दिलेलं असतं. पुस्तक इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून ते पान वाचून घ्या, मराठीत लिहून यंत्राच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुस्तक हरवलं असेल तर यंत्रावरच्या पट्टीचा, म्हणजे मॉडेल लिहिलेल्या भागाचा फोटो काढा आणि विक्रेत्याकडून माहिती लेखी मागा. गटाने यंत्र घेताना पैसे मोजले आहेत, माहिती मागणं हा हक्क आहे.

केव्हा बदलायचं?

गाडीचं किलोमीटरवर मोजतात. शेतीयंत्राचं तासांवर. आणि दोन्हीकडे महिन्यांचीही मर्यादा असते, जे आधी होईल ते. यंत्र सहा महिने खळ्यात उभं राहिलं तरी तेल म्हातारं होतं, कारण त्यात हवेतला ओलावा आणि आम्ल साठतं.

नवीन यंत्राचा पहिला बदल फार लवकर असतो. नव्या भागांची धार घासून निघते आणि लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरतो. तो लवकर काढून टाकायचा असतो. होंडाच्या छोट्या पेट्रोल इंजिनांमध्ये, जी बऱ्याच वीडरवर आणि फवारणी पंपांवर बसवलेली असतात, पहिला बदल २० तासांनी किंवा पहिल्या महिन्यात आणि त्यापुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी सांगितलेला असतो. त्याच कंपनीच्या खांद्यावरच्या चार-स्ट्रोक कटरला पहिला बदल १० तासांनी, पुढे ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. त्याला तेल लागतं जेमतेम १०० मिली, म्हणजे अर्धा कप चहाएवढं. एवढंसं तेल असल्यामुळे ते लवकर खराब होतं. दुसऱ्या कंपनीचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून पुन्हा तेच : आपल्या यंत्राचं पुस्तक.

आता टिलरचा हिशेब करू. समजा चिखलणीत टिलर रोज ६ तास चालला आणि हंगाम २५ दिवसांचा. म्हणजे १५० तास. पुस्तकात दर १०० तासांनी तेल बदला असं असेल, तर सोळाव्या दिवशी संध्याकाळी ९६ तास भरतात. बदल त्याच संध्याकाळी करायचा. "हंगाम संपू दे, मग बघू," असं केलं तर शेवटचे पन्नास तास, आणि तेही सगळ्यात जड कामाचे, मेलेल्या तेलावर जातात. कोलाड-रोह्याच्या बाजूला डोलवहाळच्या कालव्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या गटांचं यंत्र वर्षातून दोनदा चिखलात उतरतं. त्यांनी हा हिशेब दोन्ही हंगामांत धरायचा.

स्कूटरचं असंच. सीआरपी ताई रोज ३० किलोमीटर, महिन्यातले २५ दिवस फिरली तर ७५० किलोमीटर झाले. चार महिन्यांत ३००० होतात. तिने आपल्या पुस्तकातला आकडा बघून कॅलेंडरवर तारीख आधीच लिहून ठेवावी. आणि जी ताई रोज फक्त बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येते, तिने "माझी गाडी कुठे चालते?" असं म्हणून तेल वर्षानुवर्षं ठेवू नये. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही. अशा गाडीला किलोमीटर नाही, महिने मोजायचे.

एक हिशेब फळ्यावर मांडा

आकडे समजुतीसाठी घेते, तुम्ही तुमचे घाला. समजा टिलरला ३ लिटर तेल लागतं, लिटरला ४०० रुपये. झाले १२००. फिल्टरचे ३०० धरा. एका बदलाला १५०० रुपये. तो बदल १०० तास चालतो, म्हणजे तासाला १५ रुपये. टिलरचं भाडं समजा तासाला ५०० रुपये घेता. म्हणजे शंभर रुपयांतले तीन रुपये तेलाला.

आता तेल नाही बदललं आणि लावणीच्या ऐन तोंडावर इंजिन सीझ झालं. बोअर-पिस्टनचं काम समजा १५,००० रुपये. शिवाय आठ दिवस यंत्र गॅरेजमध्ये. रोज ६ तास, तासाला ५०० धरले तर भाड्याचे २४,००० बुडाले. एकूण ३९,०००. एवढ्या पैशात तेलाचे २६ बदल झाले असते. आणि त्या आठ दिवसांत ज्या बायकांचं आवण वाढून गेलं, त्यांचं नुकसान या हिशेबात धरलेलंच नाही. बँकेचा हप्ता तर यंत्र बंद आहे म्हणून थांबत नाही.

असा प्रसंग एका गटावर आलेला मी पाहिला आहे. गाव सांगत नाही. त्यांनी पुढे एक साधा नियम केला : भाड्याच्या प्रत्येक तासामागे २० रुपये वेगळ्या पाकिटात. पाकिटावर लिहिलं 'तेल'. त्या पैशाला बाकी कशासाठीही हात लावायचा नाही. मला हा नियम सगळ्या अवजार बँकांनी घ्यावा असा वाटतो.

तेल तपासायचं कसं?

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि साडी नेसूनही करता येतं. यंत्र सपाट जागेवर उभं करा. इंजिन चालू असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर उडालेलं तेल खाली बसेल. तेल मोजायची काडी बाहेर काढा. मेकॅनिक तिला डिपस्टिक म्हणतात. स्वच्छ फडक्याने पुसा, परत घाला, परत काढा. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवं. होंडाच्या बऱ्याच इंजिनांमध्ये काडी मोजताना फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. तुमच्या यंत्राचं काय, ते पुस्तकात बघा.

कमी असेल तर त्याच जाडीचं, त्याच दर्जाचं तेल थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे घालू नका. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं नाही. ते आत घुसळून फेस होतं, धूर येतो, एअर फिल्टरमध्ये जातं.

रंगावरून घाईने निर्णय घेऊ नका. डिझेल इंजिनात नवं तेल थोड्याच तासांत काळं होतं, कारण ते काजळी धरतं. ते आपलं काम करतं आहे. तासांचा हिशेब रंगापेक्षा खरा. पण या तीन गोष्टी दिसल्या तर यंत्र लगेच थांबवा :

- तेल ताकासारखं, दुधाळ दिसतंय. म्हणजे आत पाणी शिरलं आहे.
- बोटांवर चोळल्यावर बारीक खर किंवा चमकणारा कीस लागतो.
- तेलाला पेट्रोल किंवा डिझेलचा जोरदार वास येतो आणि ते पातळ झालं आहे.

पाण्याबद्दल वेगळं सांगते. अंबा नदीला पूर आला की नागोठण्यात पाणी शिरतं, कुंडलिका रोह्यात चढते, खारेपाटात उधाणाचं पाणी येतं. जी गाडी किंवा इंजिन पाण्यात बुडालं, ते "चालू होतं का बघू" म्हणून किक मारू नका, बटण दाबू नका. पाणी आत असताना इंजिन फिरलं तर आतले भाग वाकतात. आधी काडी काढून बघा, मेकॅनिकला बोलवा, तेल पूर्ण बदला, मगच चालू करा.

टेम्पो किंवा मिनिडोर चालवणाऱ्या ताईंनी काचेसमोरच्या पट्टीवर लाल किटलीचं चित्र लागलं तर घरापर्यंत नेऊ म्हणायचं नाही. तिथेच कडेला घ्यायचं आणि इंजिन बंद करायचं. तो लाल दिवा म्हणजे तेलाचा दाब गेला आहे.

ग्रास कटरची गोष्ट वेगळी

ग्रास कटर दोन प्रकारचे असतात, आणि इथे गोंधळ झाला की मशीन हमखास जातं. चार-स्ट्रोकच्या मशीनला तेलाचं वेगळं झाकण असतं. तेल तिथे, पेट्रोल टाकीत. दोन-स्ट्रोकला तेलाची वेगळी जागा नसते. त्यात टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिली. २५:१ असेल तर ४० मिली. मुलांच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण यासाठी वेगळं ठेवा, आणि ते पुन्हा घरात वापरू नका. दोन-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल घातलं तर थोड्याच वेळात पिस्टन चिकटतो. गटातून मशीन दुसऱ्या ताईकडे जाताना बाटलीवर 'तेल मिसळलेलं' अशी चिठ्ठी लावायलाच हवी.

आणि हो, विजेवरच्या गिरणीला आणि बॅटरीच्या स्कूटरला इंजिन नाही, त्यामुळे इंजिन ऑइलही नाही. कोणी त्याचं बिल लावलं तर विचारा. टिलरच्या आणि स्कूटरच्या गिअरबॉक्सचं तेल मात्र इंजिनच्या तेलापेक्षा वेगळं बघायचं असतं, त्याची तारीखही वहीत वेगळी लिहा.

विकत घेताना

सुटं तेल घेऊ नका. कंपनीचा सीलबंद डबा, पेट्रोल पंपावरून किंवा ओळखीच्या अधिकृत दुकानातून घ्या. सर्वो, एचपी, मॅक हे सरकारी तेल कंपन्यांचे ब्रँड पंपांवर मिळतात, खासगी कंपन्यांचेही चांगले आहेत. ब्रँडपेक्षा डब्यावरची जाडी आणि दर्जा जुळणं महत्त्वाचं. झाकणाचं सील, छापलेली तारीख आणि बॅच नंबर बघा. बिल गटाच्या नावावर घ्या, ते लेखापरीक्षणालाही लागतं. रिकामा डबा तसाच भंगारात देऊ नका. सुरीने चीर पाडून द्या, म्हणजे त्यात कोणी खोटं तेल भरून विकणार नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर बोलायचं कसं, हेही ठरवून जा. "दादा, तेल बदलायचं आहे. डबा आम्ही आणलाय. जुनं तेल आमच्यासमोर काढा, फिल्टर दाखवा, आणि डबा आमच्यासमोर फोडा." एवढं पुरे. भांडण नाही, संशय नाही. बँकेत आपण पैसे मोजून घेतो ना, तसंच. सुरुवातीला एखादा हसेल. दुसऱ्यांदा तो स्वतःहून काडी दाखवेल.

जुनं तेल जातं कुठे?

काढलेलं तेल ओढ्यात, शेताच्या बांधावर, विहिरीजवळ ओतू नका. पाण्यावर त्याचा पापुद्रा पसरतो, मासे आणि रोपं गुदमरतात, आणि ते जमिनीतून विहिरीत उतरतं. त्यात लोखंडाचा चुरा आणि जळलेल्या इंधनातले विषारी पदार्थ असतात. कायद्याने, म्हणजे धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार, वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात धरलेलं आहे.

आपल्याकडे हे तेल वाळवीसाठी लाकडाला लावतात, चुलीत ओली लाकडं पेटवायला ओततात, गुरांच्या जखमेला लावतात. तिन्ही बंद करा. चुलीतला तो धूर तुमच्या छातीत जातो, आणि हाताला वारंवार लागलं तर कातडीचे आजार होतात, कर्करोगाचाही धोका असतो. तेल काढताना हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला, नंतर साबणाने हात धुवा, पेट्रोलने नाही. जुनं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून ज्या गॅरेजमध्ये ड्रममध्ये साठवून पुनर्प्रक्रियेला देतात तिथे पोचवा. पाणी किंवा रॉकेल त्यात मिसळू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. यंत्र असलेल्या गटाने त्या लेख्यांतच एक पान वाढवायचं आहे. शंभर पानी वही पुरेल. रकाने असे आखा : तारीख, कोणाकडे गेलं, किती तास चाललं, एकूण तास, तेल पाहिलं का, तेल बदललं का, सही.

यंत्र घेऊन जाणारी ताई नेताना काडी बघेल, आणून देताना तास लिहील. सही दोघींची, देणारीची आणि घेणारीची. तेल पाहण्याची जबाबदारी दर तीन महिन्यांनी एका सदस्येकडे फिरती ठेवा, म्हणजे एकच ताई शहाणी आणि बाकीच्या अनोळखी असं होणार नाही. मृगाच्या आधी एकदा, लावणी संपल्यावर एकदा, दिवाळीच्या कापणीआधी एकदा आणि उन्हाळी भाताला पाणी सुटण्याआधी एकदा, ग्रामसंघाच्या बैठकीत वही उघडून वाचायची. हंगाम संपल्यावर यंत्र उभं करायचं असेल तर जुन्या तेलासकट उभं करू नका. बदलून, पाच मिनिटं चालवून, मग झाका.

वही आखताना अडलं, पुस्तकातलं पान समजलं नाही, तर त्या पानाचा फोटो तुमच्या सीआरपी ताईमार्फत माझ्याकडे पाठवा. मी वाचून मराठीत लिहून देईन. आणि पुढच्या वेळी मी बैठकीत "शेवटचं ऑइल कधी बदललं?" विचारलं, की मला तारीख सांगा आणि तासही सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, पेण-रोहा